पाठमोरा नकाशा

माझा मोठा भाऊ रोज सकाळी कामाला निघताना मला एकच प्रश्न विचारायचा. "बाहेर कसं आहे गं?" मग मी खिडकीतून डोकावून सांगायची. आभाळ भरलंय. ऊन पडलंय, पण त्यात दम नाही. समोरच्या इमारतीत कुणीतरी लाल चादर वाळत घातलीय. त्यावर तो "बरं" म्हणायचा, काठी उचलायचा आणि जिना उतरायचा. लाल चादरीचं त्याला काय करायचं असेल, हे मी कधी विचारलं नाही. तो जन्मापासून आंधळा. लाल म्हणजे काय हे त्याला माझ्याच शब्दावर मानून घ्यावं लागायचं, आणि तो मानायचा. तीस वर्षं मानत आला.

दादा मोठ्या इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर होता. इस्पितळात कुठूनही नऊ फिरवलं की तो बोलायचा, म्हणून सगळे त्याला 'नऊ नंबर' म्हणत. डॉक्टरांच्या बायका, वॉर्डातल्या नर्सा, शवागाराचा पहारेकरी, दोन-अडीचशे माणसं तो नुसत्या "हॅलो"वरून ओळखायचा. कुणाचं कुणाशी बिनसलंय आणि कुणाचं कुणाशी जुळलंय हेही त्याला फोन जोडण्याच्या क्रमावरून कळे. पण तोंडातून एक अक्षर बाहेर पडायचं नाही. माझं उलटं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई म्हणायची. आयुष्यात एकच गोष्ट मी पोटात ठेवली आणि तीच नेमकी बोलायची होती.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ट्रेसर होते. साहेबांनी काढलेले नळांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवून घ्यायचे, हे काम. पंचवीस वर्षांत माझ्या हातून एक नळ भलत्या गल्लीत गेला नाही. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

दादाला दुसऱ्या देशातली एक भाषा शिकायचं खूळ लागलं ते ब्रेलमधल्या एका मासिकामुळे. त्यात चार ओळींची सूचना होती. निवृत्त शिक्षिका, उतारवयात दृष्टी गेलेली, आपली भाषा कॅसेटवरून शिकवेल. फी नाही. एकच अट, उत्तरादाखल कॅसेट पाठवली पाहिजे. दादाने त्याच दिवशी लिहिलं. तिकडून कॅसेट आली आणि आमच्या घरात बाई आल्या. आम्ही त्यांना बाईच म्हणायचो. त्यांचं नाव मला धड उच्चारता येत नसे.

आंधळ्यांच्या टपालाला तिकीट लागत नाही, त्यामुळे महिन्याला एक कॅसेट यायची आणि एक जायची. पहिल्या दहा कॅसेटींमध्ये बाई मोडकंतोडकं इंग्रजी बोलल्या. अकराव्यापासून ते बंद. पुढे सगळं त्यांच्याच भाषेत. बाईंची शिकवायची एक रीत होती. त्या प्रश्न विचारायच्या आणि मग गप्प बसायच्या. दादाने उत्तर द्यावं एवढी जागा त्या कॅसेटमध्ये मोकळी सोडायच्या. त्या जागेत त्यांच्या घरातलं घड्याळ ऐकू यायचं. दादा उत्तर द्यायचा, घड्याळ टिकटिक करायचं, आणि मग बाई जणू त्यांनी ते ऐकलंय अशा सुरात पुढे बोलू लागायच्या. माझी आई खुब्याचं हाड मोडून आतल्या खोलीत पलंगाला खिळलेली. तिला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घड्याळ ऐकू आलं की ती आतून ओरडायची, "अरे, बाई थांबल्यात, बोल ना!"

बाईंनी ब्रेलमध्ये का नाही लिहिलं, असं कुणी विचारेल. त्यांचे डोळे साखरेनं नेले होते, आणि साखरेनंच बोटांची टोकंही बधिर केली होती. ठिपके त्यांना लागतच नसत. त्यांच्याकडे उरले होते ते कान. नऊ वर्षांत एकशे सात कॅसेटी झाल्या. दादाने प्रत्येकीवर ब्रेलची पट्टी डकवली आणि बाहेरच्या खोलीतल्या कपाटाची मधली फळी त्यांनी भरून गेली. आमच्याकडे येणारे लोक ती फळी बघून हसायचे. "आंधळा मागतो एक डोळा," शेजारचे काका एकदा म्हणाले, "आणि आमचा नऊ नंबर मागतो परकी भाषा." दादाही हसला. मी मात्र काकांना त्या दिवशी चहा दिला नाही.

एकशे सातव्या कॅसेटमध्ये बाईंनी सांगितलं की त्यांच्या कानामागच्या नसेवर गाठ आहे. एक कान गेलाच आहे. दुसऱ्याला अगदी जवळ तोंड आणून बोललं तर ऐकू येतं, फोनवरचं नाही येत. शस्त्रक्रिया केली नाही तर जीव जाईल, केली तर उरलेला कान जाईल. तारीखही ठरली होती. दादाने ती कॅसेट तीनदा ऐकली. मग मला नीट समजावून सांगितली. डोळे नाहीत, बोटांना लागत नाही, आणि आता कान नाहीत. त्या तारखेनंतर बाईंपर्यंत पोचायला कुठला रस्ताच राहणार नव्हता.

"मी जाणार," दादा म्हणाला. "एकदा त्यांच्या कानाशी बसून बोलणार. मग जाऊ दे काय जायचं ते."

मी सोबत जाणं शक्य नव्हतं. आईला कूस बदलायलासुद्धा माणूस लागायचं. आणि दादालाही सोबत नको होती. बाईंनीच कॅसेटच्या शेवटी सांगितलं होतं, स्टेशनपासून माझं घर वीस मिनिटांवर आहे, एकटा चालत ये, अडलास तर आमच्या भाषेत रस्ता विचार, हीच तुझी परीक्षा. आणि रस्ता सांगितला होता. स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे, तिसऱ्या चौकात उजवीकडे, मग पूल, पूल उतरल्याबरोबर डावीकडे, चौथं दार.

दादाला हा रस्ता पाठ झाला, पण त्याचं समाधान होईना. रस्ता कानात आहे, तो बोटांतही हवा, म्हणाला. "चिमणे, तू नकाशेवाली. मला हाताला लागेल असा नकाशा करून दे."

मला एवढं निमित्त पुरे होतं. त्या गावाचा छापील नकाशा मी प्रवास कंपनीतून मिळवला. जाड पांढऱ्या कागदावर स्टेशन, रस्ते, पूल पेन्सिलीने उतरवून घेतले. केसाइतका फरक नाही. मग कागद रबराच्या चटईवर ठेवला आणि शिंप्याचं दातेरी चाक त्या रेघांवरून दाबून फिरवलं. कागदाच्या दुसऱ्या बाजूला बारीक ठिपक्यांच्या रांगा उठल्या. बाईंच्या घराच्या जागी सदऱ्याचं एक बटण चिकटवलं. दादाच्या हातात दिला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी तो इतका हळू चाचपला की मला भरून आलं.

दोन दिवसांनी तो म्हणाला, "अगं, काहीतरी जमत नाहीये. बाई म्हणतात स्टेशनातून डावीकडे. तुझा नकाशा म्हणतो उजवीकडे."

मी नकाशा घेतला. ठिपके पांढऱ्यावर पांढरे, डोळ्याला धड दिसत नव्हते. म्हणून मी पेन्सिलीची रेघ होती ती बाजू वर केली आणि छापील नकाशाशेजारी धरली. तंतोतंत.

"माझं बरोबर आहे," मी म्हणाले.

"पुन्हा एकदा बघ ना."

"हातच्या काकणाला आरसा कशाला, दादा? समोर धरलेत दोन्ही. डोळे आहेत मला."

हे मी म्हणाले.  वर आणखी अक्कल पाजळली. "तुझ्याच त्या दोन शब्दांत घोळ असेल. डावा-उजवा तू शिकलास तरी कसा?"

तो विचार करू लागला. सहाव्या धड्यात बाईंनी सांगितलं होतं, काठी धरतो तो हात अमुक, रिकामा हात तमुक. दादा काठी उजव्या हातात धरतो, म्हणून अमुक म्हणजे उजवा, असं तो धरून चालला होता. "पण बाई डावखुऱ्या असल्या तर?" तो म्हणाला. "मग नऊ वर्षं मी उलटंच बोलतोय." आणि हसला. त्याने बाईंना फोनही लावला. आयुष्यभर दुसऱ्यांना फोन जोडून देणारा माणूस, पण त्या दिवशी रिसिव्हरमध्ये ते दोन शब्द ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. पलीकडून बाई एकच सांगत होत्या, ये, ये, मी वाट बघते. शेवटी त्याने फोन ठेवला आणि दोन्ही शब्द डोक्यात उलटे करून ठेवले. चार दिवस घोकत होता. आई आतून म्हणाली, "नऊ वर्षं शिकला तेच परत शिकतोय होय?"

निघायचं होतं शस्त्रक्रियेच्या आधी चार दिवस. विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने दादाकडे न बघता मला विचारलं, "यांच्यासोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर तिने साहेबाला बोलावलं. साहेबानेही मलाच विचारलं, "यांना स्वतःचं स्वतः खाता येतं का?" दादा म्हणाला, "येतं, आणि तुमचंही खाता येईल." कुणी हसलं नाही. एकट्या आंधळ्याला डॉक्टरचा दाखला लागतो म्हणाले. दादा म्हणाला, मी इस्पितळातच कामाला आहे, दाखले देणारे डॉक्टर माझ्यामुळेच एकमेकांना सापडतात. तरी दाखला त्यांच्याच छापील कागदावर हवा होता, तो कागद दुसऱ्या कचेरीत होता, आणि ती कचेरी दोन दिवस बंद होती. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी पहाटे त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं. पाय चांगले आहेत हो माझे, तो सांगत होता. नियम आहे, असं उत्तर मिळालं. धडधाकट माणसाला ढकलत नेताना मी काचेतून पाहिलं. त्याच्या मांडीवर नकाशाची गुंडाळी होती.

ते तीन दिवस त्यांनी खाल्ले, हे मी कुणालाही सांगेन. पण पुढचे चार तास माझे आहेत.

पुढचं मला दादाने सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. विमानातून उतरून धरलेली आगगाडी एक वाजून पाच मिनिटांनी त्या गावात पोचली. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी, तीन तासांवरच्या मोठ्या शहरात. बाईंना न्यायला गाडी येणार होती चार वाजता. म्हणजे दीडला तो त्यांच्या दारात असायला हवा होता आणि अडीच तास त्यांचे होते. तो स्टेशनातून बाहेर पडला आणि माझ्या नकाशाप्रमाणे उजवीकडे वळला.

तिसरा चौक आला, तसा तो डावीकडे वळला. पूल येईना. पाण्याचा वास येईना. एका बाजूला लांबलचक भिंत लागली आणि मालगाडीचे डबे जोडल्याचे आवाज येऊ लागले. त्याने एका बाईला विचारलं. नऊ वर्षांनी पहिल्यांदा जिवंत माणसाशी त्या भाषेत बोलला आणि तिला कळलं. तिने रस्ता सांगितलाही, सावकाश, नीट. मागे जा, मग उजवीकडे. शब्द त्याला ओळखीचे होते. त्याने ते ठरल्याप्रमाणे डोक्यात उलटे केले आणि डावीकडे गेला. पुढे एका म्हाताऱ्याला विचारलं, त्याचंही तेच झालं. एकाने न विचारताच दंड धरून त्याला रस्ता ओलांडून दिला, जो त्याला ओलांडायचाच नव्हता. तिथून तो कुठे उभा आहे हे त्याचं त्यालाच कळेना. तो परत स्टेशनात आला आणि पुन्हा पहिल्यापासून निघाला. पुन्हा उजवीकडे. पुन्हा ती भिंत.

"तुला शंका नाही आली?" मी नंतर विचारलं होतं.

"आली ना. नकाशा चुकला की शब्द चुकले, अशी आली. पण नकाशा तू काढलेला. मग शब्दच चुकले असणार, आणि तेही हे दोनच नाही तर सगळेच. शेवटी शेवटी तर लोक काय बोलतायत तेच कळेना. नुसता आवाज."

पाच वाजून गेल्यावर त्याने हार मानून भाड्याची गाडी केली. गाडी चार मिनिटांत बाईंच्या दारात पोचली. दार शेजारणीने उघडलं. बाईंनी न्यायला आलेल्यांना अर्धा तास थांबवून धरलं होतं. कोट घालून, दारातल्या खुर्चीत, ऐकू येणारा कान रस्त्याकडे करून बसल्या होत्या. साडेचारला ड्रायव्हरने ऐकलं नाही. जाण्याआधी त्यांनी आत जाऊन एक कॅसेट भरली होती आणि शेजारणीकडे ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी फोन आला की शस्त्रक्रिया झाली, बाई जगल्या आहेत, ऐकू मात्र काही येत नाही. नातेवाइकांशिवाय कुणाला सोडत नव्हते. दादाने दोन दिवस त्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात बसून काढले. बाईंचं ते घड्याळ भिंतीपलीकडून ऐकू येत होतं, म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याला परत चाकाच्या खुर्चीत बसवून आमच्याकडे पाठवून दिलं.

तो घरी आला. कॅसेट फळीवर ठेवली, एकशे आठवी. ऐकली नाही. "मला कळणार नाही," एवढंच म्हणाला. "बाईंनी इतकी वर्षं जीव तोडून शिकवलं आणि मी डावं-उजवं उलटं शिकून बसलो. त्या दारात बसल्या होत्या गं." आईने आतून हाक मारली, तर उठून तिच्या पायाशी जाऊन बसला.

तो आल्यावर आठव्या दिवशी मी आवराआवर करत होते. नकाशा टेबलावर उलटा पडला होता, ठिपक्यांची बाजू वर. संध्याकाळचं ऊन आडवं येत होतं आणि प्रत्येक ठिपक्याची सावली पडली होती. त्यामुळे तो मला पहिल्यांदा दिसला. स्टेशन होतं. रस्ता उजवीकडे गेला होता. मी कागद पालटला. पेन्सिलीची रेघ डावीकडे गेली होती. पुन्हा पालटला.

मागून दाबलेलं पुढून उलटं उठतं. एवढंच. लहान मुलाला कळेल. आणि मला तर सांगायचीही गरज नव्हती. दादा ब्रेलची पाटी घेऊन लिहायचा तेव्हा मी लहानपणापासून शेजारी बसायची. टोचा घेऊन तो उजवीकडून डावीकडे लिहायचा आणि मग कागद पालटून डावीकडून उजवीकडे वाचायचा. मला वाटायचं, आंधळे असेच उलटे लिहीत असतील. का, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत पडला नाही. डोळे होते ना मला!

मी नकाशाची घडी घातली आणि ट्रंकेत तळाशी ठेवून दिली. उद्या सांगू, म्हटलं. उद्या आईला ताप होता. परवा दादा जरासा हसला होता, तर ते हसू कशाला मोडा. असं करत करत मी सांगितलंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मलाच माहीत.

तीन महिन्यांनी अंधशाळेतून माणूस आला. मुलांसाठी परीक्षेची पुस्तकं रेकॉर्ड करायची होती, जुन्या कॅसेटी असतील तर द्या, आम्ही पुसून वापरतो, म्हणाला. दादा म्हणाला, "सगळ्या घेऊन जा." मी तिथेच उभी होते. सुतळी मीच आणून दिली. दहा-दहाचे गठ्ठे बांधले, उरलेल्या आठ वर ठेवल्या. त्या आठांत ती शेवटचीही होती. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर गठ्ठे सुटले असते. मी गाठी नीट बसल्यात का तेवढं बघितलं. फळी रिकामी दिसू नये म्हणून आईच्या औषधांचे डबे तिथे मांडले.

दीड वर्षाने शेजारणीचं पत्र आलं, इंग्रजीत. बाई गेल्या. शेवटपर्यंत कुणाशी बोलणं नव्हतं. कधीकधी एकट्याच मोठ्याने प्रश्न विचारायच्या आणि मग थांबायच्या. मी ते दादाला वाचून दाखवलं. त्याने घडी घालून परत माझ्याकडे दिलं. त्यानंतर दोन वर्षांनी आईही गेली.

आई गेल्यानंतरच्या वर्षीची गोष्ट. एका रविवारी सकाळी दादा रात्रपाळी संपवून घरी आला आणि बूटही न काढता बसला. इस्पितळात एक परदेशी माणूस बेशुद्ध आला होता, बाईंच्याच देशातला. डॉक्टरांना त्याच्या बायकोशी बोलायचं होतं. त्या माणसाचं एक मूत्रपिंड लहानपणापासून निकामी आहे एवढं त्याच्या कागदावर होतं, कुठलं ते नव्हतं. फोन बोर्डावर जोडला गेला, आणि पलीकडची बाई तीच भाषा बोलत होती.

"सगळं कळत होतं गं," दादा म्हणाला. "पाच वर्षांनी. ती रडत होती तरी शब्द न् शब्द कळत होता. तिने बाजू सांगितली. तीनदा सांगितली. डॉक्टर विचारतायत, अरे नऊ नंबर, डावं की उजवं? आणि मी म्हणालो, मला नाही सांगता येणार. मी हे दोन शब्द उलटे शिकलोय, का सुलटे, मला माहीत नाही."

"मग?"

"मग काय, त्यांनी यंत्राखाली घालून बघितलं. वेळ गेला, पण वाचला माणूस. मला कुणी काही बोललं नाही." तो बुटाची नाडी चाचपत राहिला. "एवढाच एक शब्द पलीकडे द्यायचा होता मला."

मी उठले, ट्रंक उघडली आणि नकाशा त्याच्या मांडीवर ठेवला. आणि सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. रडले असेन, पण माझ्या रडण्याला किंमत नव्हती.

त्याने ठिपक्यांवरून बोट फिरवलं, स्टेशनपासून बटणापर्यंत. मग कागद पालटून सपाट बाजूवरून पालथा हात फिरवला. "मला वाटलं तुला माहीत असेल," तो म्हणाला. "पाटीवर लिहिताना बघायचीस ना मला."

"बघायची."

"म्हणजे शब्द बरोबर होते."

"हो."

त्याने ते दोन्ही शब्द हळूच म्हणून पाहिले, एकेका हाताची मूठ मिटत. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तू आल्यावर आठव्या दिवशी."

"आणि शाळेचा माणूस?"

"तीन महिन्यांनी."

तो उठला. कपाटाशी गेला. मधल्या फळीवर आईचे औषधांचे रिकामे डबे अजून तसेच होते. ते त्याने एकेक करून बाजूला केले आणि फळीवरून हात नेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लेबलं वाचत जावं तसा.

"शेवटच्या कॅसेटमध्ये त्यांनी जागा सोडली असेल," तो म्हणाला. "माझ्यासाठी. नेहमी सोडायच्या."

 मग त्याने डबे परत जागेवर ठेवले.

तो मला रागाने एक शब्द बोलला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. शेजारच्या काकांना वाटतं, भाऊ असावा तर असा. आम्ही एकत्र जेवतो, मी पेपर वाचून दाखवते, तो ऐकतो. फक्त सकाळी निघताना तो आता मला काही विचारत नाही. खिडकी उघडतो, हात बाहेर काढून जरा वेळ धरतो, आणि काठी उचलून जिना उतरतो.